खोडलेला ठिपका

“तुम्ही उठा, मास्तर. आज या स्टुलावर बाई बसतील,” डॉक्टर मुकादम म्हणाले.

ह्यांच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा अजून गुंडाळलेला होता. हे देवरूखच्या पोस्टातून निवृत्त झाले, म्हणून सगळं गाव ह्यांना मास्तर म्हणे. शाळेत तीस वर्षं शिकवत होते ती मी, पण मला सगळे नुसतं बाई म्हणत. महिन्यातल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी ह्यांना डॉक्टरांकडे घेऊन येई. पेशंट हे, आणि पिशवी धरून शेजारी बसणारी मी. त्यात कधी बदल झाला नव्हता.

“मला काय झालंय?” मी विचारलं.

“तेच बघतो. आल्यापासून तीनदा नाकाला रुमाल लावलात. आणि रुमालाला रक्त लागलंय.”

“ते होय! चष्म्याचं नाकावरचं बटण घासतं तिथं. तोंड पुसलं की खपली निघते.”

“चष्मा काढा.”

मी काढला. माझा चष्मा लहानपणापासूनचा, जाड भिंगांचा. तो उतरवला की समोरच्या माणसाचं नाक कुठं संपलं आणि मागची भिंत कुठं सुरू झाली ते मला कळत नसे. डॉक्टरांच्या जागी एक पांढरा ढग तेवढा राहिला. त्या ढगाने उठून खिडकी उघडली, माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि हातात काहीतरी गोल, चकाकणारं घेतलं.

“भिंग आहे,” ते म्हणाले. “घाबरू नका.”

“मी कशाला घाबरू? वर्गात आम्ही भिंगाने मुंगी बघतो.”

“मग आज मुंगी व्हा आणि हलू नका.”

त्यांनी दोन बोटांनी माझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याजवळची, नाकाच्या बाजूची कातडी हलकेच ताणली. भिंग पुढे-मागे करीत ते बघत राहिले. 

“मधे खळगा आहे,” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “कड उचललेली. ताणली की मोत्यासारखी चकाकते. आत थोडा काळा रंग आहे. बाई, हे केव्हापासून?”

“गणपतीपासून. म्हणजे चार महिने झाले.”

“त्याआधी?”

“त्याआधी काही नव्हतं.”

“चुन्याचं सांग की,” हे मागून म्हणाले.

मी ह्यांच्या दिशेने डोळे वटारले. चष्म्याशिवाय ते कितपत पोचले कोण जाणे.

“कसला चुना?” डॉक्टरांनी विचारलं.

सांगावंच लागलं. तिथं एक बारीक चामखीळ आहे असं शेजारच्या कुलकर्णीकाकू म्हणाल्या होत्या. चुन्यात धुण्याचा सोडा कालवून आगकाडीच्या टोकाने लावायचा, चामखीळ जळून पडते, असा त्यांचा उपाय. गणपतीत पाहुणे यायचे होते. मी आदल्या आठवड्यात लावून घेतला. खपली पडली, बरं वाटलं, आणि मग ते पुन्हा उगवलं. तेव्हापासून भरायचं आणि फुटायचं, भरायचं आणि फुटायचं.

“डोळ्यापासून बोटभर अंतरावर चुना,” डॉक्टर म्हणाले. “बाई, तुम्हीच ना मुलांना विज्ञान शिकवता?”

“तिसरी-चौथीचं,” मी म्हटलं. “चुना पाचवीत येतो.”

ते हसले. मी चष्मा चढवला तेव्हा त्यांचा चेहरा मात्र हसरा नव्हता. डॉक्टर अन्वर मुकादम तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. काही लपवायचं असलं की ते टेबलावरचं पेन सरळ करीत. आता त्यांनी ते दोनदा सरळ केलं.

“दोन शक्यता आहेत,” ते म्हणाले. “एक म्हणजे चुन्याने भाजलेली जखम, वर चष्मा घासतोय म्हणून भरत नाही. ती मलम लावून, चष्म्याचं बटण बदलून महिन्या-दीड महिन्यात भरेल. दुसरी म्हणजे कातडीचा एक प्रकारचा कॅन्सर.”

ह्यांनी दंडावरचा पट्टा स्वतःच ओढून काढला. त्याचा चर्र असा मोठा आवाज झाला.

“ऐकून घ्या मास्तर. त्या शब्दाला जेवढं घाबरतो आपण, तेवढा हा वाईट नाही. बेसल सेल म्हणतात त्याला. हा सहसा अंगभर पसरत नाही, माणसाचा जीव घेत नाही. जिथं आहे तिथंच बसतो आणि हळूहळू शेजारचं खातो. गालावर असता तर मी एवढं बोललो नसतो. पण इथं शेजारी डोळा आहे.”

“मग आता?”

“कोल्हापूरला एक प्लास्टिक सर्जन आहेत. त्यांच्याकडे जायचं, तुकडा काढून तपासायचा, आणि तोच निघाला तर सगळं मुळापासून काढायचं.”

“किती दिवस?”

“धरून चाला, महिना मोडेल.”

मी मान हलवली. “आज दहा जानेवारी. फेब्रुवारीत चौथीची स्कॉलरशिप आहे. सात मुलं बसवलीत. आमच्या वाडीवरून आजवर एकानेही ती मिळवलेली नाही. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी कोल्हापूर.”

“परीक्षेनंतर वार्षिक परीक्षा येईल. मग निकाल. मग मे महिन्यात पाहुणे.”

“तुम्हीच म्हणालात, चुन्याची जखम असू शकते.”

“म्हणालो.” त्यांनी पुन्हा पेन सरळ केलं. “चुन्याने सगळा मामला बिघडवलाय. मूळ काय होतं तेच दिसत नाही. बाई, मला एकच गोष्ट हवी. चुना लावायच्या आधी ते तिथं किती दिवस होतं? महिनाभर होतं म्हणालात तर मी मलम देतो आणि परीक्षेपर्यंत वाट बघतो. वर्षानुवर्षं होतं म्हणालात तर एक दिवस थांबू देणार नाही. कारण मग ते आत किती गेलंय ते बाहेरून सांगता येत नाही.”

“दोन-एक महिने असेल.”

“असेल की होतं?”

 आरशासमोर मी चष्मा लावून उभी राहिले तर ती जागा चष्म्याच्या बटणाखाली. चष्मा काढला तर आरशात चेहराच नाही. कुंकू मी बोटाच्या अंदाजाने लावत आले. माझ्या चेहऱ्यावर काय आहे हे माझ्याइतकं कमी कुणाला माहीत नव्हतं.

“जुने फोटो बघा,” डॉक्टर म्हणाले. “सोमवारी या.”

घरी आल्यावर ह्यांनी माळ्यावरून अल्बम काढले. लग्नाच्या फोटोत मी खाली मान घालून बसलेली. मुंबईच्या भाच्याच्या मुंजीत पंगतीत वाढताना, तोंड भाताच्या पातेल्यात. बाकी सगळे शाळेचे. गटशिक्षणाधिकाऱ्यांबरोबर, निरोप समारंभाचे, सहलीचे, आणि प्रत्येकात पन्नास मुलांच्या मागे उभी मी, चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. चष्म्यावर ऊन चमकलेलं.

“तुझा एक धड फोटो नाही,” हे म्हणाले.

“तुम्ही कधी काढलात?”

“मी पोस्टात होतो. फोटोग्राफर नव्हतो.”

“विचारतेय इतकंच. ही जागा तुम्ही तरी कधी पाहिलीत? रोज समोर जेवायला बसता.”

ह्यांनी अल्बम मिटला. “तुझ्याकडे बघितलं की तूच दिसतेस,” ते म्हणाले. “ठिपके कोण मोजतं?”

त्यावर रागवावं की काय करावं ते मला सुचेना. मी चहा टाकायला उठले, आणि आधण उकळत असताना मला ट्रंक आठवली.

माझी एक पद्धत होती. जूनमध्ये तिसरीत नवी मुलं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना पाटी-पुस्तक उघडू देत नसे. कोरा कागद द्यायचा आणि सांगायचं, माझ्याकडे बघा आणि माझं चित्र काढा. मुलं जमिनीवर बसलेली, मी खुर्चीवर. कोणतं मूल बघून काढतं आणि कोणतं मनातली बाई काढतं, हे मला त्या एका कागदावरून कळे. मनातल्या बाईला लांब वेणी असते आणि कानात डूल असतात. माझ्या कानांत कधीच डूल नव्हते. ते कागद मी टाकत नसे. दर वर्षीचा गठ्ठा दोऱ्याने बांधून ट्रंकेत ठेवी.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ओटीवर गठ्ठे सोडून बसलो. हे एकेक चित्र माझ्यापुढे धरायचे.

“ही कोण, मारकुटी?”

“मीच.”

“हिला चार हात आहेत.”

“दोन पदर आहेत ते. पुढचं दाखवा.”

नव्वद सालचा गठ्ठा झाला. एकाही चेहऱ्यावर काही नव्हतं. मग एक्क्याण्णवचा. बावीस कागद होते. सतरावा कागद ह्यांनी हातात घेतला आणि पुढे केला नाही.

“हे बघ,” ते म्हणाले.

चित्र वैजयंती गोताडचं होतं. मनातली बाई नव्हती. केस मागे ओढून बांधलेले, कान रिकामे, चष्मा, आणि चष्म्याची नाकावरची दोन बटणंसुद्धा. त्यातल्या एका बटणाच्या जरा खाली मी लाल शाईने गोल केलेला होता. गोलातला कागद खोडरबरने घासून घासून पातळ झालेला, एका ठिकाणी भोक पडायच्या बेताला आलेला. बाजूला माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : ‘डाग पाडू नये. स्वच्छता ठेवावी.’ आणि खाली, दहापैकी सहा.

मी पुढचे गठ्ठे सोडले. ब्याण्णव, त्र्याण्णव, थेट सत्त्याण्णवपर्यंत. सहा वर्षांत जवळजवळ सव्वाशे चेहरे, सगळे स्वच्छ. मग आठवलं. ब्याण्णवपासून मी कागद वाटतानाच सांगू लागले होते, चेहऱ्यावर ठिपके, डाग पाडायचे नाहीत. माझा चेहरा काही बरा झाला नव्हता. मुलं सांगितलेलं ऐकत होती.

सोमवारी डॉक्टरांनी तो कागद खिडकीच्या काचेवर टेकवला आणि मागून उजेड येऊ दिला. मग भिंग लावलं. ज्या तऱ्हेने माझं नाक पाहिलं होतं त्याच तऱ्हेने त्यांनी तो कागद पाहिला.

“खोडलंय, पण पेन्सिलीचा दाब राहिलाय,” ते म्हणाले. “चांगला गरगरीत ठिपका आहे. बाई, ही मुलगी कुठं बसायची?”

“पुढंच. माझ्या पायाशी. उंचीने लहान होती.”

“म्हणजे खालून वर बघत होती. चष्म्याच्या खालून.” त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. “आणि हे बघा. समोर बसून तुमच्याकडे पाहिलं की तुमची डावी बाजू तिच्या उजव्या हाताला येते. तिनं ठिपका उजव्या हाताला काढलाय. बरोबर बटणाखाली. पेन्सिल चुकून टेकली असती तर ती एवढी जागा बघून टेकली नसती.”

“एक्क्याण्णवचा जून,” हे म्हणाले. “साडेसहा वर्षं.”

“मला पत्र लिहू द्या,” डॉक्टर म्हणाले, आणि पेन सरळ न करता त्यांनी ते उचललं.

“आणि स्कॉलरशिप?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान वाटला.

“मी घेतो वर्ग,” हे म्हणाले.

“तुम्ही?”

“गणितं मला येतात. पस्तीस वर्षं पोस्टाचा हिशेब एका पैशाने चुकला नाही.”

“तुम्ही ओरडाल त्यांच्यावर.”

“ओरडलो तर तू परत आल्यावर मला अंगठे धरून उभा कर.”

डॉक्टरांनी पत्र पाकिटात घातलं. आत तो कागदही घालू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी मग चित्रावरून पाहून पत्रात एक ओळ वाढवली. ती मी एसटीत उलगडून वाचली. ‘सुमारे साडेसहा वर्षांपासून. विश्वसनीय निरीक्षण उपलब्ध.’

कोल्हापूरला तुकडा तपासला. डॉक्टर मुकादमांनी भिंगातून पाहून जे नाव सांगितलं होतं, तेच रिपोर्टात आलं. मग ऑपरेशन. सर्जनांनी ती जागा सभोवारच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढली आणि कानामागची कातडी घेऊन तिथं ठिगळ लावलं. काढलेल्या भागाच्या कडाही तपासल्या. सगळ्या कोऱ्या निघाल्या, म्हणजे मागे काही उरलं नव्हतं. टाके तपासताना सर्जन म्हणाले, अश्रू वाहून नेणारी नळी वाचली, पण जेमतेम. वरून जोंधळ्याएवढं दिसत होतं, आत चांगलं शेंगदाण्याएवढं होतं.

मी परत आले तेव्हा परीक्षा दोन दिवसांवर होती. मुलं भेटायला आली. माझ्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघायचं नाही असं घरून सांगितलेलं असावं. सगळी माझ्या पायांकडे बघत होती.

“मास्तर ओरडले का रे?” मी विचारलं.

“नाही बाई,” एकजण म्हणाला. “उत्तर बरोबर आलं की टेबलावर मूठ आपटतात. शिक्का मारल्यासारखी. वर्गातली चिमणी उडून गेली.”

सातांपैकी दोघांना ती स्कॉलरशिप मिळाली. हे अजूनही सांगतात की त्यांनीच मिळवून दिली.

वैजयंतीकडे मी एप्रिलमध्ये गेले. जायचं आधीच ठरवलं होतं, पण पट्टी सुटेपर्यंत थांबले. ती तेव्हा नववीत होती, वार्षिक परीक्षा संपलेली. वाडीवरच्या त्यांच्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या आणि ती पडवीत बसून ओल्या-सुक्या वेगळ्या करत होती. आई रानात गेलेली. मला बघून ती धडपडत उठली, परकराला हात पुसले.

“बाई! बसा ना. पाणी आणते.”

“पाणी राहू दे. हे ओळखतेस?”

मी पिशवीतून कागद काढला. तिनं पाहिला आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. जवळजवळ सात वर्षांपूर्वी केलेली चूक पुन्हा हातात द्यायला बाई घरी आल्या, असंच तिला वाटलं असणार.

“माझाच आहे,” ती म्हणाली. “तेव्हा डाग पडलेला.”

“पडला होता की काढला होतास?”

 हातातली काजूची बी तिनं दोनदा फिरवली.

“खरं सांग, वैजू. मी रागवायला आले नाही.”

“काढलेला,” ती म्हणाली. “मी तेव्हा बोललेली पण, बाई. तुमच्या तिथं आहे म्हणून. तुम्ही बोललात, उलट बोलायचं नाय, रबर घे.”

मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी बराच प्रयत्न केला आहे. त्या वर्षी बावीस मुलं होती, आणि दिवसातून दहादा मी कुणाला तरी रबर घे म्हणत असेन.

मी तिला सगळं सांगितलं. दवाखान्यापासून कोल्हापूरपर्यंत, चुन्यासकट. कॅन्सर म्हटल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी पत्रात काय लिहिलं ते सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “विश्वसनीय म्हणजे?”

“ज्यावर विश्वास ठेवता येतो असं. ते तुझ्याबद्दल लिहिलंय.”

पिशवीत मी लाल पेन आणलं होतं. सहा खोडून तिथं दहा लिहायचे, असं घरून ठरवून निघाले होते. पण त्या कागदाकडे बघून पेन बाहेर काढावंसं वाटेना. त्याच्यावर माझी लाल शाई आधीच पुरेशी सांडली होती.

“एक काम करशील?” मी म्हटलं. “माझं चित्र पुन्हा काढशील? आत्ता.”

“आत्ता?” ती हसली. “मी आता चित्रं नाय काढत, बाई.”

“का?”

तिनं खांदे उडवले. उत्तर द्यायचं टाळण्याइतकी ती मोठी झाली होती.

आतून ती वहीचा कागद आणि पेन्सिल घेऊन आली. मी पडवीच्या पायरीवर उन्हाकडे तोंड करून बसले. ती जमिनीवर, पूर्वीसारखी. पंधरा-वीस मिनिटं गेली. खळ्यात एक कोंबडी बियांवरून चालत होती आणि तिला हाकलायचं आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही.

तिनं कागद दिला. चित्र छान होतं. केस आता पिकलेले, तेही तिनं कोरे सोडून दाखवले होते. चष्मा, बटणं, गळ्याजवळची शीर. नाकाच्या बाजूला मात्र काही नव्हतं. गुळगुळीत, स्वच्छ.

“आणि हे?” मी ठिगळावर बोट ठेवलं. ते बाकीच्या कातडीपेक्षा फिकं होतं आणि सभोवार शिवणीचा गोल होता. कुणाच्याही नजरेतून सुटलं नसतं.

“ते कसं काढणार, बाई?”

“दिसतंय ना?”

“दिसतंय.”

“मग?”

तिनं कागद परत घेतला. आता ती पूर्वीपेक्षा वेगळं बघू लागली. मघाशी ती मधूनच नजर वर करत होती. आता तिची नजर माझ्या चेहऱ्यावरच होती आणि पेन्सिल खाली आपोआप चालत होती. एकदा ती उठून अगदी जवळ आली, वाकली, आणि खालून वर पाहिलं. मी हलले नाही.

“झालं,” ती म्हणाली.

ठिगळ होतं. शिवणीचा एकेक टाकाही होता. पण त्याशिवाय तिनं आणखी काहीतरी बदललं होतं, आणि काय ते मला चटकन कळेना. चेहरा माझाच होता, पण जरासा झुकल्यासारखा.

“हा डोळा लहान काढलास का गं?” मी विचारलं. रबर घे म्हणण्याची तीस वर्षांची सवय. शब्द ओठांपर्यंत आले होते, ते मी गिळले.

वैजूने पेन्सिल खाली ठेवली. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “तो लहानच आहे, बाई.”

घरी आल्यावर मी ह्यांना आरसा धरायला लावला आणि डॉक्टर मुकादमांकडून तेवढ्यासाठी मागून आणलेलं भिंग डोळ्यासमोर धरून, चष्मा काढून, पहिल्यांदाच नीट पाहिलं. ठिगळाने डाव्या डोळ्याची वरची पापणी खाली ओढली गेली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. सर्जनांनी मला ते सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी नाही, ह्यांनीही नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” मी ह्यांना विचारलं.

“दिसतेस तूच,” हे म्हणाले.

सत्तावीस वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी डॉक्टर मला अजून खिडकीशी बसवतात, भिंग घेतात, कातडी ताणतात. संध्याकाळी शेजारची चार-पाच मुलं पाढे म्हणायला येतात. नवं मूल आलं की मी अजूनही कोरा कागद देते आणि खुर्चीवर बसते. रबर मात्र देत नाही. परवा एका पोराने मला दोन निरनिराळे डोळे काढले आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “आणखी काय दिसतंय?”